पाच वाजून दहा मिनिटांची फाईल

१

एका तासात रिकामी व्हायची सिरिंज सहा मिनिटांत रिकामी झाली.

सिरिंजमध्ये नुसतं पाणी होतं आणि नळीचं दुसरं टोक काचेच्या बीकरमध्ये सोडलेलं होतं, म्हणून कोणाला काही झालं नाही. पण चाचणीच्या खोलीत उभे असलेले पाचही जण एकमेकांकडे बघायचं टाळत होते. शिरेतून औषध देणारा हाच पंप सोमवारी सकाळी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात लागायचा होता. तिथे नळीच्या टोकाला बीकर असणार नव्हता.

"पडद्यावर बघा," ताई म्हणाली.

पंपाच्या पडद्यावर अजूनही शांतपणे लिहिलेलं होतं: ताशी पन्नास मिली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि विचार करायला वेळ हवा असला की चष्मा पुसायच्या. शेवटी त्यांची नजर फिरत फिरत धाकटीवर जाऊन थांबली. बाकीच्यांचीही तिथेच गेली. साहजिकच होतं. पंपाच्या आतलं सॉफ्टवेअर आज पहिल्यांदाच धाकटीच्या नव्या पद्धतीने तयार झालं होतं.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, अकरा वर्षांनी लहान. चार महिन्यांपूर्वी ती इथे लागली, आणि तेव्हापासून सगळं ऑफिस ताईला ताई म्हणायला लागलं. नऊ वर्षं स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी बाई बघता बघता एका पोरीची बहीण होऊन बसली.

ते एक वेळ चाललं असतं. न चालण्यासारखं झालं ते पंधरा दिवसांपूर्वी.

त्या पंपाचं सॉफ्टवेअर म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या चार हजारांवर फाईली. एकेक फाईल कंपाइल करायची, म्हणजे यंत्राला समजेल अशा रूपात आणायची, आणि मग सगळ्या जोडून एक अखंड प्रोग्रॅम करायचा. याला बिल्ड म्हणतात. एकोणीस वर्षं हे काम बिल्डकाका हाताने करत आले होते. कुठली फाईल कुठल्या फाईलच्या आधी, कुठली कमांड कुठल्या कमांडनंतर, सगळं एका जाड वहीत लिहिलेलं. पुरे दोन दिवस लागायचे. धाकटीने वही मागून घेतली, तीन महिने खाली मान घालून बसली, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा नियम करून टाकला. एक कमांड द्यायची, बास. कुठली फाईल बदलली आहे ते यंत्र स्वतः बघणार, तेवढीच नव्याने कंपाइल करणार, बाकीच्यांना हात लावणार नाही. दोन दिवसांचं काम अकरा मिनिटांत.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या. नऊ वर्षांत तिने या पंपाच्या तीनशेहून जास्त चुका पकडल्या होत्या. टाळी एकदाही वाजली नव्हती. चूक सापडली की लोकांची तोंडं वाकडी व्हायची, नाही सापडली की ही दिवसभर करते तरी काय, असा चेहरा.

आणि धाकटीला सी शिकवलं कोणी होतं? ताईनेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका उन्हाळ्यात.

ताई बीकर ओतून परत आली, तेव्हा बाईंचं ठरलं होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाही कळलं तर मी रुग्णालयाला नाही म्हणून कळवते आणि नवी पद्धत बंद करते. पुन्हा वही." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "तपास तू करायचास. तुला कोणी अडवणार नाही."

ताईने मान हलवली. छातीत काहीतरी हलकं झालं होतं. ते काय आहे हे तिला नीट ठाऊक होतं, आणि त्याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

२

बिल्डकाका आपल्या खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होते. आता लिहायला काही नव्हतं, तरी.

"माझ्यावर संशय असेल तर आधीच सांग," ते म्हणाले. "काम गेलं माझं. मला राग यायला हवा."

"आला का?"

"पहिल्या आठवड्यात आला. दुसऱ्या आठवड्यात पाठदुखी थांबली." काकांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. "पोरी, एकोणीस वर्षं मी दर बिल्डला घाबरत आलो. एखादी ओळ चुकली तर? तुझ्या बहिणीने ती धास्ती काढून घेतली. तिने माझ्या वहीत किती चुका दाखवल्या माहितेय? चौदा! आणि चहा पाजून दाखवल्या. अशा मुलीवर रागवायचं कसं, ते मला जमलं नाही बघ."

ताईला हे ऐकायचं नव्हतं. ती उठली.

मास्तरकडे मात्र तिला हवं ते मिळालं.

मास्तर हे त्याचं टोपणनाव, कारण तो कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायचा. वयाने ताईएवढाच. किती औषध किती वेगाने द्यायचं याचं सगळं गणित त्याचं होतं. पंप लहान मुलांसाठी वापरायचा म्हणून त्याने, मोटरसकट कितीतरी फाईली जी वाचतात त्या आकड्यांच्या यादीत, मुलाच्या वजनाचा एक नवा रकाना घातला होता, गुरुवारी दुपारी दीड वाजता. लगेच दोन वाजता तो रुग्णालयात वॉर्ड बघायला निघून गेला होता. शुक्रवारी अकरा वाजता धाकटीने बिल्ड केलं, आणि तीन वाजता सिरिंज रिकामी झाली.

"माझं गणित तपास, हवं तर दहा वेळा तपास," तो म्हणाला. "कोडमध्ये काही नाही. मी सांगतो, कोडमध्ये काही नाही."

"मग?"

मास्तरने आवाज खाली आणला. "तुझी बहीण आहे म्हणून बोलायला जीभ रेटत नाही. पण काल संध्याकाळी पाच वाजता ती बिल्डच्या खोलीत एकटी काय करत होती, ते विचार तिला."

"एकटी?"

"एकटी. मी कशाला तिच्यावर आळ घेऊ? हुशार आहे पोरगी. पण घाईची आहे. हुशार माणसाला घाईच नडते."

ताईने मान हलवली आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने खाली उतरली. प्रवेशद्वारापाशी, हजेरीपुस्तकाच्या शेजारीच, खोल्यांच्या किल्ल्यांची नोंदवही असते. गुरुवारच्या पानावर शेवटची ओळ होती: बिल्डची खोली, पाच ते पाच पस्तीस. सही धाकटीची. दुसरं कोणी नाही.

वर येऊन तिने सर्व्हर उघडला. धाकटीचं यंत्र कुठली फाईल नवी आणि कुठली जुनी ते तारखेवरून ओळखतं. यादी दीड वाजता बदलली, तर जी जी फाईल ती यादी वाचते ती पुन्हा कंपाइल व्हायला हवी. शुक्रवारी यंत्राने काय काय कंपाइल केलं त्याची नोंद ताईने ओळ न् ओळ वाचली. एकशे सहा फाईली असायला हव्या होत्या. एकशे पाच होत्या.

पंपाची मोटर फिरवणारी फाईल त्यात नव्हती.

यंत्राने ती वगळली होती, कारण कंपाइल झालेली मोटरची फाईल यंत्राच्या लेखी आधीच ताजी होती. तिच्यावरची तारीख गुरुवारची.

वेळ संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

३

धाकटी खिडकीपाशी उभी होती. रडलेली नव्हती, पण कोणत्याही क्षणी रडेल अशी होती.

"काल पाच वाजता तू बिल्डच्या खोलीत होतीस."

"होते."

"मोटरची फाईल हाताने कंपाइल केलीस?"

"नाही ताई. हाताने करायचं नाही म्हणून तर एवढं सगळं केलं ना मी!"

"फाईलवर पाच दहाची वेळ आहे. नोंदवहीत तुझी सही आहे. आत जे आहे ते जुनं आहे." हे सांगताना आपला आवाज किती स्थिर आहे, हे ताईला जाणवत होतं. "जुन्या यादीत पहिला रकाना कमाल मर्यादेचा होता, दुसरा वेगाचा. आता पहिला वजनाचा झाला, म्हणून बाकीचे एकेक घर खाली सरकले. मोटरची जुनी फाईल अजून दुसऱ्याच रकान्यात वेग शोधतेय. तिथे कमाल मर्यादा बसली आहे. पन्नासच्या जागी पाचशे."

धाकटीचा चेहरा उतरला. पण तिने विचारलं ते भलतंच.

"मूल असतं तर?"

सबंध दुपारभर एकदाही ताईच्या मनात मूल आलं नव्हतं. आली होती ती फक्त ही, समोर उभी असलेली, आणि उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी असलेली.

"मी केलेलं नाही," धाकटी म्हणाली. "पण माझ्या पद्धतीत ही फट होती. तारखेवर विश्वास ठेवायला मीच यंत्राला शिकवलं."

जागेवर परत येऊन ताईने अहवाल लिहायला घेतला. पहिल्या दोन ओळी झरझर उतरल्या. तिसऱ्या ओळीला पुरावा जोडायचा होता, म्हणून तिने मोटरची ती फाईल कच्च्या रूपात उघडली. आत सगळं यंत्राचं अगम्य लिखाण, पण मधूनमधून माणसाला वाचता येणारे तुकडे असतात. चूक आली तर कुठे आली हे सांगता यावं म्हणून कंपायलर मूळ फाईलचा पूर्ण पत्ता आत लिहून ठेवतो. कुठल्या यंत्रावरच्या कुठल्या फोल्डरमधली, ते सगळं.

बिल्डच्या खोलीत कंपाइल झालेल्या प्रत्येक फाईलमध्ये बिल्डच्या सर्व्हरचा पत्ता होता. या एका फाईलमध्ये वेगळाच होता. म्हणजे ही तिथे तयारच झालेली नव्हती. दुसरीकडून उचलून आणून ठेवलेली होती.

ताईने पत्ता वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला.

टेबल सात, फोल्डर 'जुनं'.

सात नंबरच्या टेबलाशी ती स्वतः बसलेली होती.

४

घरी आईने दार उघडता उघडता विचारलं, "धाकटी कुठेय? जेवली का ती?"

"येईल. मी पण आत्ताच आलेय, आई."

"हो, ते दिसतंय." आईच्या एका डोळ्यावर अजून कापसाची पट्टी होती. काल दुपारी ताईनेच अर्धी रजा टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. "फोनवर तिचा आवाज बरा नव्हता. काही झालंय का तिला ऑफिसात?"

मला काही झालंय का, हे ताईला कोणी विचारलं नाही. तिने आईच्या डोळ्यात औषध घातलं, पट्टी बदलली, आणि आपल्या खोलीत जाऊन कागद घेऊन बसली.

फोल्डर 'जुनं' तिचंच होतं. नव्या पंपाची जुन्याशी तुलना करायला ती प्रत्येक आवृत्तीची कंपाइल केलेली प्रत ठेवायची. ऑफिसात कोणीही ते उघडून बघू शकत होतं, कोणालाही त्यातली फाईल उचलता आली असती. आणि बिल्डच्या सर्व्हरचा पासवर्ड तर काकांनी एकोणीस वर्षांपूर्वी चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला, पाचही जणांना पाठ. म्हणजे पत्त्यावरून कोणी पकडला जात नव्हता.

पण ही चूक राहून गेलेली नव्हती, कोणीतरी केलेली होती, हे आता नक्की झालं. धाकटीकडून गाफीलपणे एखादी जुनी फाईल राहून गेली असती. मोठ्या बहिणीच्या फोल्डरमधून उचलून आणायचं तिला काहीच कारण नव्हतं. स्वतःचंच नाव बुडवायला कोण निघेल?

अहवालातल्या त्या दोन ओळी ताईला आठवल्या. त्या खोडायला हव्या होत्या. तिने लगेच खोडल्या नाहीत. उद्या सकाळी बघू म्हणाली. अजून पाच दहाची वेळ होती, सही होती, 'एकटी' होती. अजून काहीतरी निघेल.

निघालं, पण तिला हवं होतं ते नाही.

५

शनिवारी सकाळी ऑफिसात काका एकटेच होते. ताईने जाता जाता, अगदी खात्री करून घ्यायला म्हणून विचारलं, "काका, गुरुवारी पाच वाजता तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? टॉर्च धरून उभा होतो!"

"कसला टॉर्च?"

"अगं, तू नव्हतीस नाही का. वायरमन आला होता, बिल्डच्या खोलीतला विजेचा बोर्ड बदलायला. किल्ली तुझ्या बहिणीने आणली, म्हणून सही तिची. खोलीत मिट्ट अंधार. मी टॉर्च धरला, तिने खुर्ची धरली, वायरमन वर चढला. मोठ्या बाई दारात येऊन ओरडून गेल्या, त्यांचं अर्धं पत्र सर्व्हरबरोबर गेलं म्हणून."

ताई जागच्या जागी थांबली. "सर्व्हर बंद होता?"

"वीज नाही तर सर्व्हर कशावर चालणार? पाचच्या ठोक्याला बंद केला. सव्वापाच उलटून गेल्यावर चालू झाला."

ताईने सर्व्हरलाच विचारलं. आपण केव्हा चालू झालो हे तो स्वतः लिहून ठेवतो. गुरुवार, पाच वाजून सव्वीस मिनिटं.

पाच दहाला त्या सर्व्हरवर कोणतीही फाईल ठेवता येणं शक्यच नव्हतं. बंद यंत्रावर कोण काय ठेवणार?

मग तिने काल नजरेतून सुटलेली गोष्ट पाहिली. शेजारच्या फाईलींच्या वेळांना सेकंदही होते: सतरा, एक्केचाळीस, तीन, अठ्ठावन्न. मोटरच्या फाईलवर पाच दहा आणि शून्य सेकंद. फाईलची तारीख हाताने बदलायची एक साधी कमांड असते. तास आणि मिनिटं टाकली आणि सेकंद टाकायचा कंटाळा केला, की शून्य येतं.

वेळ खोटी होती. धाकटी त्या खोलीत होती ती वेळ शोधून, मुद्दाम बसवलेली.

आणि ज्याने ती बसवली, त्याला त्या वेळी वीज नव्हती हे ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं. धाकटीला होतं. मोठ्या बाईंना होतं. गुरुवारी संध्याकाळी जी माणसं ऑफिसात होती ती सगळी सुटली.

उरले दोघं. एक मास्तर. आणि दुसरी आईला डॉक्टरकडे घेऊन गेलेली, सात नंबरच्या टेबलावर बसणारी, जिला बहिणीच्या टाळ्या सहन झाल्या नव्हत्या हे सगळ्या ऑफिसला दिसत होतं, ती.

६

चार वाजता पाचही जण मोठ्या बाईंच्या खोलीत जमले. ताईने सगळं क्रमाने मांडलं. मोटरची फाईल, तिचा पत्ता, खोटी वेळ, शून्य सेकंद, बंद सर्व्हर.

"म्हणजे गुरुवारी संध्याकाळी जे इथे नव्हते त्यांच्यापैकी कोणीतरी," बाई म्हणाल्या.

"हो. मास्तर किंवा मी."

मास्तर हसला. "बघा, स्वतःच म्हणते. मी रुग्णालयात होतो, बाई. फाईल हिच्या फोल्डरमधली. बहिणीचं कौतुक झालं तेव्हा हिचा चेहरा मी पाहिला होता, तुम्हीही पाहिला होता."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मी जळत होते. तिची चूक निघावी असं मला वाटत होतं. काल दुपारपासून मी तिचीच चूक शोधत होते."

धाकटीने मान वर केली नाही.

"आणि म्हणूनच तुझं एक वाक्य माझ्या कानावरून गेलं, मास्तर. काल चार वाजता मी तुझ्याकडे आले तेव्हा चूक गणितात आहे, मोटरमध्ये आहे की बिल्डमध्ये, हे कोणालाच माहीत नव्हतं. मोटरची फाईल मी त्यानंतर उघडली. पाच दहा हा आकडा मी त्यानंतर पाहिला. आणि तू मला आपणहून म्हणालास, काल पाच वाजता ती खोलीत काय करत होती ते विचार. पाचच का? तीन का नाही? सकाळी अकरा का नाही, जेव्हा तिने खरोखर बिल्ड केलं?"

मास्तरचं हसू जागेवरच राहिलं. बाकीचा चेहरा बदलला.

"कोणीतरी मला सांगितलं असेल..."

"कोणी? जो सांगेल तो अंधाराचंही सांगेल. टॉर्चचं सांगेल, वायरमनचं सांगेल. तू म्हणालास, एकटी. त्या खोलीत तिघं होती. एकटी ती फक्त एकाच ठिकाणी आहे, किल्ल्यांच्या नोंदवहीत. शुक्रवारी तू सगळ्यांच्या आधी आलास, पावणेनऊला. तुझी सही आहे. हजेरी लावताना शेजारच्या वहीत गुरुवारची शेवटची ओळ वाचलीस, आणि तुला वेळ मिळाली."

पुढचं वाक्य ताईला बोलायचं नव्हतं.

"मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, तुला पाच वाजताचं कसं कळलं. पण मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की मी विचारलंच नाही."

मग मास्तर बाईंकडे वळला, आणि या वेळी त्याने एकही वाक्य दोनदा म्हटलं नाही.

"चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला वीस पानं लिहून दिली होती. बिल्ड आपोआप व्हायला हवं म्हणून. तुम्ही म्हणालात, बघू. ती पानं तुम्ही वाचलीही नाहीत. मग ही आली. हिने विचारलंही नाही, करून टाकलं. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या."

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "आणि मुलं?"

"बीकरमध्येच पडणार होतं पाणी. चाचणीत दिसणारच होतं. नसतं दिसलं तर सोमवारच्या आत मी सांगणार होतो."

"कोणाला?" ताईने विचारलं.

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

७

रविवारी सुट्टी होती, तरी दोघी बहिणी सकाळी ऑफिसात आल्या. धाकटीने नियम बदलले. आता यंत्र नुसती तारीख बघणार नव्हतं. फाईलच्या आत काय आहे तेही पडताळणार होतं, आणि बाहेरून आणून ठेवलेली फाईल फेकून देणार होतं. मग तिने चारच्या चार हजार फाईली मुळापासून पुन्हा कंपाइल केल्या. ताईने सिरिंज भरली, नळी बीकरमध्ये सोडली आणि घड्याळ लावलं.

एक तास बसायचं होतं. थेंब पडत होते, सावकाश, एकामागून एक.

"बाई सकाळी फोनवर म्हणत होत्या, मास्तरची वीस पानं त्यांनी काल रात्री वाचली," धाकटी म्हणाली. "चांगली होती म्हणे. माझ्यापेक्षा एका ठिकाणी चांगली."

"तरी त्याने केलं ते केलं."

"हो."

दहा मिनिटं गेली. सहा मिनिटांचा टप्पा केव्हाच उलटला होता, आणि सिरिंज अजून भरलेली होती.

"मला तुला एक सांगायचंय," ताई म्हणाली. "मी तुला वाचवायला निघाले नव्हते. अहवालात तुझं नाव लिहून झालं होतं माझं. शुक्रवारी रात्रीही मी ते खोडलं नाही. शनिवारी सकाळी काकांना विचारलं, तेही तुझ्याविरुद्ध काही मिळेल म्हणून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू माझ्यावर चिडलेली आहेस ते. घरात जेवायला बसलो की कळतं, ताई. माझं कोणी नाव काढलं की तू पाणी प्यायला उठतेस." धाकटी बीकरकडे बघत बोलत होती. "शुक्रवारी सिरिंज रिकामी झाली ना, तेव्हा बाई बाहेरच्या माणसाला बोलावणार होत्या. तू बीकर ओतायला गेली होतीस. मी त्यांना म्हटलं, तपास ताईला द्या."

ताईने तिच्याकडे बघितलं. "का? मी जळते हे माहीत असून?"

"तू माझ्यावर जळशील. पण समोर आलेला आकडा खोटा नाही करणार. मला दुसऱ्या कोणाची इतकी खात्री नव्हती."

दुसऱ्याबद्दल इतकी खात्री बाळगणं धाकटीला जमतं आणि आपल्याला जमलं नाही, याचा ताईला हेवा वाटला. टाळ्यांचा वाटला होता त्याहून कितीतरी जास्त. हा हेवा कुठे ठेवायचा, तेच तिला कळेना.

"अजून अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "तू जा घरी. आई वाट बघत असेल."

"तुझी पण बघते."

"माझी नाही बघत."

"सकाळी निघताना मला म्हणाली, ताईला लवकर घेऊन ये, माझ्या डोळ्यात औषध तिच्याशिवाय कोणाला घालता येत नाही. मी घालते तर गालावर सांडतं." धाकटीचा आवाज जरा जड झाला. "मला किती राग येतो त्याचा, तुला कल्पना नाही."

ताई बघतच राहिली. मग तिने पायाने शेजारची खुर्ची ओढली आणि धाकटीच्या खुर्चीला लावली. दोघी बीकरसमोर बसल्या आणि थेंब मोजायला लागल्या. ताई चुकली की धाकटी पुढचा आकडा सांगत होती, धाकटी चुकली की ताई.